अकरा वाजताची पेशी

नस सापडते, सुई आत जाते, नळी भरते, वर कापूस दाबून होतो, आणि समोरचा माणूस हमखास विचारतो, "कसं हाये मंग?" म्हणजे रक्त. टरबुजावर टिचकी मारून पाहावं तसं मी नुसतं बघून सांगावं, अशी त्याची अपेक्षा असते. पहिली काही वर्षं मी "रिपोर्ट आल्यावर कळेल" असं तुटक सांगायची. पुढे शहाणी झाले आणि "लालभडक आहे, काळजी नको" म्हणू लागले. माणसं खूश होऊन जायची. सगळ्यांचंच लालभडक असतं, हे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मालेगाव म्हटलं की बाहेरच्यांना नाशिककडचं आठवतं. माझं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. तिथे एका डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून दोन खोल्यांची लॅब होती आणि तिच्यात मी तीस वर्षं रक्त, लघवी आणि थुंकी तपासली. लोक मला सुईवाली बाई म्हणतात. माझं खरं नाव विचारत आमच्या गावात फिरलात तर संध्याकाळपर्यंत घर सापडायचं नाही. सुईवाली म्हणा, पहिलाच माणूस दारापर्यंत आणून सोडेल. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तरी बसमध्ये शेजारच्याच्या हाताकडे नजर जातेच. ठसठशीत नस दिसली की बरं वाटतं.

या कामात काय चालतं ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं. ती नळी स्टँडमध्ये उभी ठेवून चहा पिऊन या. परत येऊन पाहाल तर ताक ठेवल्यावर निवळ वर यावी तसं रक्त फुटून वेगळं झालेलं असतं. वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ, आणि दोघांच्या मध्ये नीट पाहिलं तरच दिसेल अशी पांढुरकी रेघ. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. रक्त म्हणजे एक लाल पदार्थ, असं मी समजून होते आणि इथे तर अर्ध्याहून जास्त नुसतं पिवळं पाणी निघालं. त्या पाण्यात मीठ, साखर, थोडी चरबी आणि प्रथिनं. किराणा दुकानाची यादी वाचावी तशी ती यादी आहे. यातलं काहीही जिवंत नाही. मीठ मेलेलंही नसतं आणि जगलेलंही नसतं. मग माणूस जिवंत कुठून होतो, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि अजून पूर्ण सुटलेला नाही.

उत्तराचा थोडा भाग मला वानखडे सरांनी शिकवला, तोही माझ्या एका घोळामुळे. वानखडे सर म्हणजे आमच्या लॅबचे जुने तंत्रज्ञ, माझे गुरू. तेव्हा मशीन नव्हतं. रक्त मिठाच्या पाण्यात पातळ करायचं, रेघा आखलेल्या काचेवर थेंब ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एकेक करून मोजायच्या. लिटरभर शुद्ध पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, असं ते पाणी. एका सकाळी मी घाईत पाणी घेतलं आणि मीठ विसरले. डोळा लावला तर काचेवर काहीच नाही. एकही लाल पेशी नाही. मी घाबरून ओरडले, "सर, या माणसात रक्तच नाही!" तो माणूस बाहेर बाकावर बसून केळं खात होता.

सर आले, डोळा लावला, बाटली पाहिली आणि खुर्चीत बसून हसत सुटले. "पोरी, तू त्याइले बुडोलं की वं! नुसत्या पान्यात कायले ढकललं?"

पेशीच्या आत खारट पाणी असतं. बाहेरही तितकंच खारट पाणी असलं तर ती सुखात असते. बाहेर साधं पाणी आलं की ते आत शिरतं, मनुका भिजवल्यावर फुगते तशी पेशी फुगते, आणि तिचा पडदा इतका नाजूक असतो की ती फुटते. सरांनी मला तो पडदा कशाचा असतो तेही सांगितलं. तेलाचा. म्हणजे चरबीचा, दोन पदरी, डोळ्यांना कधी दिसणार नाही इतका पातळ. "तेल अन् पानी एकजीव होत नाही, म्हनून तं आपून हाओ," सर म्हणाले. "झाले असते तं सारं एकच वरन राह्यलं असतं." मी त्या रात्री जेवताना वरणावरच्या फोडणीकडे इतकी टक लावून बसले, की आई म्हणाली, केस निघाला का. पाण्यात मीठ, साखर, प्रथिनं विरघळलेली, आणि त्यांच्याभोवती तेलाचा एक पडदा, जो काय आत येऊ द्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते ठरवतो. एवढं जमलं की निर्जीव वस्तूंची पेशी होते आणि ती जगू लागते. कशी, ते मला विचारू नका. मी फक्त मोजते.

लाल पेशी दिसायला कशी असते म्हणाल, तर पेढ्यावर अंगठा दाबावा तशी. कडेला जाड, मध्ये खोलगट. तिच्यात लोह धरून ठेवणारं एक प्रथिन ठासून भरलेलं असतं आणि त्याला जागा व्हावी म्हणून ती आपलं केंद्रक जन्मतानाच टाकून देते. केंद्रक म्हणजे पेशीचा कारभारी. कारभारी हाकलून दिला, आता दुरुस्ती कोण करणार? म्हणून ती चारेक महिनेच जगते. एकदा एका म्हाताऱ्या आजीनं माझ्या हातातल्या तीन नळ्या मोजल्या आणि दरडावून विचारलं, "येवढं काढलं, थे भरून कवा यीन?" मी म्हटलं, आजी, तुमच्या हाडांत कारखाना आहे, बसल्या बसल्या भरून येतंय. ती आपल्या कोपराकडे पाहत राहिली. "हाडकात होते? मले वाटे जेवनातून होते." मी म्हटलं, माल जेवणातला, कारखाना हाडातला. आजीला ते पटलं, कारण तिच्या गावात कापसाच्या जिनिंगचा कारखाना होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा पसारा मांडला, तिच्याकडे येते. ती एका शब्दाची गोष्ट आहे.

आमच्या वऱ्हाडात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. बाकी महाराष्ट्रात "तारखेला जायचंय" म्हणतात, आमच्याकडे "पेशीले जाच हाये". तारीख पुढे गेली तर पेशी वाढली. मी रिसोडला शाळेत शिकत असताना विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात "पेशी" असं लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "कोनाची, सर?" अख्खा वर्ग हसला. मीही हसले, आणि ते हसून सोडून दिलं. पुढे लॅबमध्ये लागल्यावर दिवसातून शंभर वेळा पेशी म्हणू लागले आणि या शब्दाला दुसरा अर्थ आहे हेच विसरले. त्यात माझी आणखी एक खोड होती. समोर बसलेल्या माणसाशी मी वऱ्हाडीत बोलायची, पण फोन हातात आला की शुद्ध बोलायची. आपण शिकलेल्या आहोत हे पलीकडच्याला कळावं, एवढंच त्यामागे होतं. आता लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आमच्या भागात डेंग्यूची साथ आली. लॅबसमोर सकाळपासून रांग. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. या प्लेटलेट म्हणजे जखम झाली की धावत येऊन भोक बुजवणारे बारीक कण. लोक त्यांना "पांढऱ्या पेशी" म्हणतात, पण त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. खरं तर त्या पेशीच नव्हेत. हाडाच्या गरात एक भलीमोठी पेशी असते, तिचे तुटून निघालेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. हे मला चांगलं माहीत होतं. तरी लोक पेशी म्हणतात म्हणून मीही पेशीच म्हणायची.

किन्हीराजाजवळच्या एका वस्तीवरचे देवराव आपल्या बायकोला घेऊन आले ते या गर्दीत. देवराव भाजीवाले. वांगी, मेथी आणि सांबार लावायचे. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. त्यांची बायको गोदाबाई चार दिवसांपासून तापानं फणफणलेली होती. मी रक्त घेतलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि दोघं परत गेले. फॉर्मवर फोन नंबर देवरावांचा.

दुपारी आकडा आला. प्लेटलेट बऱ्याच उतरलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी परत तपासायलाच हवं, बोलावून घ्या. माझ्यापुढे अजून पंधरा नळ्या होत्या. मी फोन लावला. देवराव शेलूबाजारच्या बाजारात माल घेऊन बसलेले. मागून भोंग्याचा आणि गिऱ्हाइकांचा कालवा. तेव्हाचं संभाषण मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर मी ते मनात कितीतरी वेळा ऐकलं.

"देवरावच बोलताय ना? मी मॅडम बोलतेय. पेशी कमी झाल्यात हो."

"पेशी कमी झाल्या? बरं झालं बाप्पा!"

बाजारातल्या गोंगाटात मला फक्त "बरं" ऐकू आलं. मी म्हटलं, "उद्या अकराच्या आत पेशीसाठी यावंच लागेल. चुकवू नका."

"येवढ्या लवकर पेशी लागली का?"

"लवकर बघितलेलीच बरी."

"साहेब राहतीन ना?"

"साहेब आहेत."

"कागदं आनू?"

"जुने असतील ते सगळे कागद आणा," मी म्हणाले आणि फोन ठेवून पुढची नळी उचलली.

देवरावांचा धाकटा भाऊ नामदेव. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, तर या धुऱ्यावरून दोघा भावांची केस चालू होती आणि ती अपिलात वाशिमच्या कोर्टात गेली होती. दोघांची घरं एका अंगणात, मधोमध काट्यांचं कुंपण, आणि सहा वर्षं बोलणं बंद. देवरावांच्या वकिलाकडे कामाला एक मॅडम होत्या. त्या नेहमी आदल्या दिवशी फोन करून अगदी शुद्ध मराठीत सांगायच्या, "उद्या पेशी आहे." मला हे काहीच माहीत नव्हतं. आणि "पेशी कमी झाल्यात" याचा अर्थ देवरावांनी असा लावला की आता थोड्याच तारखा उरल्या, निकाल जवळ आला. ते त्या दिवशी बाजारातून घरी जिलेबी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाईचा ताप उतरलेला होता. डेंग्यूचा हा फार मोठा दगा आहे. लोकांना वाटतं ताप गेला म्हणजे आजार गेला. खरा धोका बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर पेशींचा थर असतो, त्या पेशींमधल्या फटी सैल पडतात आणि नळीत वर दिसलेलं ते पिवळं पाणी शरीरात झिरपायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. गोदाबाई म्हणाल्या, पोटात थोडं दुखते. देवराव म्हणाले, निज तू, मी पेशी करून येतो. सात-बारा, नकाशे आणि जुने कागद थैलीत घालून ते वाशिमच्या जीपमध्ये बसले. ती जीप मालेगाववरूनच जाते. म्हणजे माझ्या लॅबच्या दारासमोरून ते गेले.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी फोन लावला तर बंद. कोर्टात जायचं म्हणून त्यांनी तो बंद करून ठेवला होता. मी चिडले. डॉक्टरांना म्हटलं, "या लोकांना स्वतःच्या बायकोच्या जिवाचंही काही वाटत नाही. इतकं बजावून सांगितलं तरी येत नाहीत." हे वाक्यही मला पाठ आहे.

तिकडे देवराव कोर्टाच्या फलकावर आपलं नाव शोधत होते. नाव नाही. पुकारा करणाऱ्या शिपायाला विचारलं, त्यानं हात झटकले. फोन चालू करून वकिलाला लावला. वकील म्हणाले, अहो, पेशी पुढच्या महिन्यात आहे, तुम्हाला कुणी बोलावलं? आता देवरावांच्या डोक्यात एकच आलं. हा नामदेवचा डाव. कुण्या बाईकडून खोटा फोन करवला, आपल्याला दिवसभर पळवलं. रागाच्या भरात त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा धाकट्या भावाला फोन केला.

"काहून रे, मले फसोतं? कोन्या बाईकून फोन करोला?"

"मी काहून फोन करोन? तुया तोंडाले लागाची हौस हाये का मले?"

"थे बाई म्हने, पेशी कमी झाल्या, अकराच्या आंदर ये, कागदं आन, साहेब हायेत. सांग, कोन होती थे?"

नामदेवचा आवाजही चढला होता, फोन स्पीकरवर होता, आणि आत त्याची दहावीतली मुलगी वैष्णवी डबा भरत होती. ती बाहेर आली. म्हणाली, "बाबा, मोठेबाबाले काय म्हने बाई? पेशी कमी झाल्या म्हने का?"

"हो."

"कोर्टातली पेशी कमी कशी होईन? पेशी वाढते तेथं. थे रक्तातली पेशी असीन. मोठीआईले ताप हाये ना!"

 मग देवराव वाशिमहून एवढंच म्हणाले, "नामदेव, घरी पाह्य जरा."

नामदेव कुंपणातून गेला. फाटकापर्यंत फिरून जायला त्याला सुचलं नाही, काटे हातावर ओढले गेले. गोदाबाई मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात बर्फासारखे गार. वैष्णवीनं तोंड धुवायला पाणी दिलं, तर चूळ लाल आली.

साडेबारा-एकच्या सुमारास नामदेवनं त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं. रस्त्यावर हात करून थांबवलेली, प्रवासी भरून चाललेली वडापची जीप होती. आतली माणसं न सांगता उतरली होती. मी दंडाला पट्टा बांधला तर नस सापडेना. एरवी नस न सापडणं म्हणजे माझा अपमान असतो. त्या वेळी मला नुसती भीती वाटली. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. मशीनवर आकडा कालच्या निम्म्याहूनही खाली, आणि रक्त दाट झालेलं, म्हणजे पाणी निघून चाललेलं. मशीन कधी कधी चुकतं, म्हणून मी काचेवर थेंब पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एरवी लाल पेशींच्या गर्दीत प्लेटलेट मोहरीसारख्या सांडलेल्या असतात. मी काच सरकवत होते, सरकवत होते, आणि कुठे तरी एखादी दिसत होती. मशीन बरोबर होतं. मला तेव्हा मनापासून वाटलं, चुकायला हवं होतं.

डॉक्टरांनी तिथेच सलाईन लावलं. सलाईन म्हणजे तेच, लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. त्या बाटलीतलं पाणी थेंबाथेंबानं गोदाबाईच्या अंगात जात होतं आणि मी ते बघत उभी होते. रुग्णवाहिका आली, वाशिमला हलवलं. नामदेवनं भावाला फोन करून सांगितलं, "घरी येऊ नोको. तेथंच दवाखान्याच्या फाटकापाशी उभा राह्य, वैनीले आनून राह्यलो." देवराव कागदांची थैली घेऊन फाटकाशी उभे होते. सात-बारा, नकाशे, सगळं काखेत. त्यांनी ती थैली स्ट्रेचरची दांडी धरायला हात मोकळे हवेत म्हणून नामदेवच्या हातात दिली. ज्या कागदांसाठी भांडण, ते दोन दिवस नामदेवकडेच राहिले.

गोदाबाई वाचल्या. पाच-सहा दिवसांनी आकडा वर चढायला लागला आणि मग झपाट्यानं चढला. शरीराचं असंच आहे. कारखाना बंद पडलेला नसतो, त्याला थोडा वेळ हवा असतो.

पुढच्या आठवड्यात जुना रिपोर्ट न्यायला नामदेव लॅबमध्ये आला. हातावरचे ओरखडे अजून सुकलेले नव्हते. त्यानं मला ही सगळी हकीकत सांगितली. कोर्ट, फलक, जिलेबी, वैष्णवी.  माझाच फोन. माझंच "पेशीसाठी यावंच लागेल". एकदा जरी "तुमच्या मंडळींचं रक्त" म्हटलं असतं, तर? एक बाई मरता मरता वाचली आणि वाचली ती माझ्यामुळे नव्हे, दहावीतल्या मुलीमुळे. सांगून झाल्यावर नामदेव माझ्याकडे बघत म्हणाला, "थे फोनवाली बाई कोन होती कोनास मालूम. ताई, तुमाले काई अंदाज?"

"नाही बा," मी म्हणाले.

तीस वर्षांत मी रिपोर्टमध्ये एक आकडा खोटा लिहिला नाही. तोंडानं मात्र त्या दिवशी सरळ खोटं बोलले, आणि तेही शुद्ध नव्हे, वऱ्हाडीत. नामदेव "बरं" म्हणून गेला.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. फोनवर आधी माझं काम सांगायचं, मग पेशंटचं नाव, मग "रक्त" हा शब्द, आणि पेशी हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. ज्यांना बघायचं असेल त्यांना त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला लागले. रांग वाढायची, डॉक्टर कुरकुरायचे, पण एकदा पाहिलेला माणूस गोंधळत नाही. तरी खोटं बोलल्याचं मनातून गेलं नाही.

तीन महिन्यांनी गोदाबाई शेवटच्या तपासणीला एकट्याच आल्या. अंगावर मांस आलं होतं. रिपोर्ट उत्तम. मी विचारलं, बघायचं का स्वतःचं रक्त? त्या लगेच पदर खोचून स्टुलावर बसल्या. मी रंग न दिलेला ताजा थेंब लावला. त्यांनी डोळा लावला.

"हे पेढे हायेत का?"

"लाल पेशी. मोजता येनार नाहीत येवढ्या हायेत."

"हालून राह्यल्या वं बाई. जित्या हायेत?"

"आत्ता हायेत."

"म्हंजे मी येथं बसली हाओ, अन् तेथंबी मीच जित्ती हाओ?" त्यांनी डोळा काढला, माझ्याकडे पाहिलं, परत लावला. हा प्रश्न मला तीस वर्षांत सुचला नव्हता. मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. त्या खुदकन हसल्या आणि काचेवरची आपली पिलावळ बघत बसल्या. त्या बघत असतानाच, त्यांची नजर माझ्यावर नाही ही संधी साधून, मी बोलून टाकलं.

"गोदाबाई, थो फोन माया होता. पेशीचा. मी नीट बोलली नाही. नामदेवले मी खोटं सांगतलं."

त्यांनी डोळा काढला नाही. "मालूम हाये."

"कवा कळलं?"

"त्याच दिशी. फोनात नंबर राह्यते ना, सुईवाली बाई. वैष्णवीनं थो लॅबच्या चिठ्ठीवरच्या नंबराशी जुळून पाह्यला. भावजी तुमाले मुद्दाम इचारून गेले, पाहू म्हने कबूल करते का." मग त्या माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या नव्हत्या, उलट सुटल्यासारख्या दिसत होत्या. "हे तं रोज म्हनत, जाऊन भांडतो. मीच म्हनलं, नोको. सांगीन थे. तीन मयने लावले तुमी."

मला रडू आलं. सुईनं कुणी रडलं तर त्याला काय म्हणायचं ते मला चांगलं येतं. स्वतःला काय म्हणायचं ते आलं नाही. मी उगाच काच पुसायला घेतली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अन् केस? केस मिटली का मंग?"

"कायची मिटते! धुरा दोघायलेबी पाह्यजे. चालू हाये ना." गोदाबाईंनी रिपोर्टची घडी घालून कमरेला खोचली. "पन आता पेशीले दोघं भाऊ एकाच गाडीवर जातेत. मांगच्या पेशीले यायचा वकील लय चिडला. म्हने, विरोधी पार्टीले मांगं बसवून आनत नसतेत."